‘तिरसट’ म्हणजे नेमकं काय? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मराठी शब्दांवर मी लिहिते हे कळल्यापासून लोक प्रश्न पाठवतात. म्हणींवर येतील, शिव्यांवर येतील असं वाटलं होतं. आले ते ‘तिरसट’वर, आणि अजून येतातच. दर दुसऱ्या प्रश्नामागे कुणाचा तरी सासरा, काका नाहीतर शेजारी उभा असतो. तेच तेच उत्तर लिहून मीच तिरसट व्हायला लागले, तेव्हा सगळं एका जागी आणलं. माझं सासर रत्नागिरीजवळ, माहेर वेंगुर्ल्याकडचं, त्यामुळे उदाहरणं याच पट्ट्यातली आहेत.

१. तिरसट म्हणजे रागीटच ना? मग वेगळा शब्द कशाला?

रागीट माणसाला राग लवकर येतो, पण तो यायला काहीतरी घडावं लागतं. दूध उतू जातं, गडी उशिरा येतो, पोरगा नापास होतो. तिरसटाला असलं निमित्त लागत नाही. तुम्ही विचारता, ‘चहा ठेवू का?’ उत्तर येतं, ‘रोज विचारून ठेवतेस का?’ चहा हवा असतो, घेतलाही जातो. बिनसलेलं काहीच नसतं, बोलण्याची घडीच तशी बसलेली असते.

साध्या गोष्टीलाही तुटक, चिडकं, अंगावर आल्यासारखं उत्तर देण्याची ज्याला सवय जडली आहे, तो तिरसट. सगळा भर ‘सवय’वर आहे. रागीट माणूस शांत असताना गोड बोलतो. तिरसट माणूस शांत असतानाही तसाच बोलतो. (गंमत अशी की ‘राग’ हा शब्द संस्कृतात रंग, ओढ, प्रेम अशा अर्थांचा. ‘अनुराग’मध्ये तो अर्थ अजून शाबूत आहे. मराठीत मात्र राग म्हटलं की संतापच.)

२. ‘आज साहेब फार तिरसट आहेत’ हे वाक्य चुकीचं आहे का?

चुकीचं म्हणण्यापेक्षा, कानाला खटकतं. आज, आत्ता, सकाळपासून अशा शब्दांशी ‘तिरसट’चं जमत नाही. ‘आज साहेब चिडलेत’, ‘आज त्यांचं काहीतरी बिनसलंय’ ही सरळ वाक्यं. ‘आज तिरसटासारखे बोलत होते’ हेही चालतं, कारण तिथे ‘सारखे’ने सगळं सांभाळून घेतलं: एरवी तसे नाहीत, आज तसे वागले.

शब्द बरोबर बसतोय का हे बघायची माझी युक्ती अशी. वाक्याच्या शेवटी ‘आहेच मुळी तसा’ जोडून बघा. ‘बंड्या तिरसट आहेच मुळी’ छान बसतं. ‘बंड्या चिडलेला आहेच मुळी’ बसत नाही. कालांतराने स्वभाव बदलला असेल तर ‘तिरसट झाला’ म्हणता येतं, त्याची एक नाजूक बाजू प्रश्न १५मध्ये आहे.

३. तिरसट की तीरसट?

तिरसट. ‘ति’ ऱ्हस्व. अकारान्त मराठी शब्दात शेवटून दुसऱ्या अक्षराचा इकार दीर्घ होतो, जसं गरीब, खवीस. इथे ‘ति’ शेवटून चौथं अक्षर आहे. उच्चार मात्र ‘तिर्सट’ असा जोडून होतो, म्हणून लिहिताना कुणी कुणी ‘तिर्सट’ करतात. तसं लिहू नये.

४. बाईला ‘तिरसटी’ म्हणायचं का? आणि अनेकवचन?

नाही. तिरसट माणूस, तिरसट बाई, तिरसट पोर, तिरसट लोक. लिंग-वचनाने हा शब्द हलत नाही. चिडका-चिडकी-चिडके, तुसडा-तुसडी-तुसडे हे आकारान्त असल्यामुळे बदलतात. चिडखोर, खवचट, तापट हे ‘तिरसट’च्या बाजूला. नाम म्हणून वापरला तर मात्र त्याला प्रत्यय लागतो: ‘त्या तिरसटाला कोण सांगणार?’, ‘तिरसटांच्या घरात दिली पोर’. भाववाचक नाम तिरसटपणा, पुल्लिंगी. क्रियाविशेषण तिरसटपणे. ‘तिरसटणे’ असं क्रियापद रूढ नाही, ते काम दुसरी क्रियापदं करतात (प्रश्न १०).

आदर हवा असेल तर तो क्रियापदावर येतो. ‘तात्या जरा तिरसट आहेत’ यात तात्यांचा मानही राहिला आणि तात्याही कळले.

५. तिरकस, तिरस्कार, तिरीमिरी, तिरसट: सगळे एकाच घरातले का?

सुरुवात सारखी वाटते म्हणून हा प्रश्न येतो. वापरात चौघे चार वाटांनी जातात.

तिरकस म्हणजे आडवळणाचं. संस्कृत ‘तिर्यक्’ म्हणजे आडवा, तिरपा, त्याच्याशी याचं नातं. तिरकस बोलणारा हसत बोलू शकतो, किंबहुना हसतच बोलतो, आणि टोमणा घरी पोचल्यावर कळतो. तिरसट बोलणं सरळ थोबाडावर येतं, त्यात वळण नसतं. तिरस्कार म्हणजे कुणाला तरी तुच्छ लेखणं, नकोसा मानणं. त्याला समोर माणूस किंवा गोष्ट लागते, ‘कशाचा तिरस्कार?’ हा प्रश्न त्याला विचारता येतो. तिरसट माणूस कुणाचा तिरस्कार करत असेलच असं नाही. ज्या नातीवर जीव ओवाळतो तिलाही ‘पाय पूस आधी’ असंच म्हणतो. आणि तिरीमिरी म्हणजे क्षणाचा झटका: ‘तिरीमिरीत घर सोडून गेला’. सवयीच्या अगदी उलट टोक.

एकाच वाक्यात घालायचे तर: तिरसट सासरा तिरकस सुनेवर तिरीमिरीत ताट भिरकावतो. तिरस्कार कुणाचा कुणाला, ते त्यांच्या त्यांनी ठरवावं.

६. तिरसट, तुसडा, फटकळ, खवचट, खडूस यांत फरक काय? मला सगळे सारखेच वाटतात.

सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न हाच, आणि इथेच लोक सर्वांत जास्त चुकतात.

एक प्रसंग धरू. दुपारी दोनची वेळ, मे महिना. तुम्ही शेजाऱ्याच्या खळ्यात जाऊन विचारता, ‘काका, शिडी मिळेल का वाईच?’

तुसडा माणूस दार पुरतं उघडतच नाही. ‘नाही’ म्हणतो आणि आत जातो. त्याला माणूस जवळ नको असतो, चीड असो वा नसो. याचीच पुढची पायरी माणूसघाणा.

फटकळ माणूस म्हणतो, ‘मागच्या वेळी नेलीस ती आठ दिवसांनी दिलीस, पायरी मोडून. लाज नाही वाटली? ने, तिथे आहे.’ मनात आलं ते जिभेवर आलं. बोलून मोकळा. फटकळाच्या बोलण्यात माहिती असते, खरी असते, म्हणून ती झोंबते.

खवचट माणूस म्हणतो, ‘ने की. तुझ्या नव्या बंगल्यात शिडी ठेवायला जागा नसेल ना!’ त्याला चीड आलेली नाही, त्याला मजा येते आहे. खवचटपणाला बुद्धी लागते. तिरसटपणाला ती लागत नाही, म्हणून मी खवचट माणसाला थोडा मान देते.

खडूस शिडी देत नाही, कारण देणं त्याच्या रक्तात नाही. हा शब्द आमच्याकडे मुंबईच्या चाकरमान्यांबरोबर आला आणि गणपतीनंतर परत गेला नाही. मुंबईच्या क्रिकेटमध्ये मात्र ‘खडूस’ ही शाबासकी आहे: समोरच्याला सहजासहजी काहीही न देणारा, चिवट. ‘तिरसट फलंदाज’ म्हटलं तर कौतुक वाटणार नाही.

आणि तिरसट? तो म्हणतो, ‘शिडी काय माझ्या डोक्यावर आहे? दिसत नाही तिथे?’ शिडी देतो. तुम्ही आभार मानता, त्यावर ‘बरं बरं, जा’. तुमच्याविषयी त्याचं काहीही म्हणणं नसतं. पुढच्या माणसालाही तो हेच म्हणणार असतो.

७. चिडखोर आणि चिडका? आणि हे ‘खोर’ काय आहे?

‘खोर’ फारसीतून आला, मूळ अर्थ खाणारा. लाचखोर लाच खातो. पुढे मराठीने तो सवयीचा प्रत्यय करून देशी शब्दांनाही जोडला: भांडखोर, चिडखोर. थोडक्यात, चिडखोराचा रतीब चिडण्याचा.

चिडखोर ‘तिरसट’च्या फार जवळचा, पण त्याला चिडवता येतं. चिडवलं की तो चिडतो, म्हणून तर लोक चिडवतात. तिरसटाला चिडवण्यात काही गंमत नाही, तो आधीच तिथे पोचलेला असतो. ‘चिडका’ हा त्यातला धाकटा, पोरांच्या खेळातला शब्द.

८. ‘चिडका बिब्बा’ यात बिब्बा कुठून आला?

बिब्बा ज्याने हाताळला आहे त्याला हे विचारावं लागत नाही. त्या काळ्या बीच्या टरफलात जो तेलकट काळा रस असतो तो कातडीला लागला की फोड येतात, सूज येते, दिवसेंदिवस आग होते. धोबी याच रसाने कपड्यांवर खुणा करत, कारण तो डाग जात नाही. थोडं डिवचलं की फुलणाऱ्या पोराला यापेक्षा नेमकं नाव सापडलं नसतं. डिवचणाऱ्याच्या हातालाच फोड येतो, हेही त्यात आलं.

आमच्या बाजूच्या माणसाला हे दुप्पट कळतं, कारण बिब्बा, काजू आणि आंबा एकाच कुळातली झाडं आहेत. पोर्तुगीजांनी सोळाव्या शतकात ब्राझीलहून काजू आणला, तोही त्याच खोडीचा निघाला: ओल्या काजूच्या बिया सोलणाऱ्या बायकांचे हात बघा, टरफलातल्या तेलाने काळे पडलेले, सोललेले. आंब्याच्या देठाचा चीक ओठाला लागला की तोंड उततं, हे तर प्रत्येक पोराने एकदा तरी अनुभवलेलं असतं. कोकणातली तिन्ही भाऊबंद झाडं डिवचू नयेत अशी. पण आंबा आणि काजू पैसे मिळवून देतात, म्हणून ‘चिडका आंबा’ कुणी म्हणत नाही.

‘बिब्बा घालणे’ हा वाक्प्रचार निराळा. ठरत आलेल्या कामात ऐन वेळी मोडता घालणं, असा त्याचा अर्थ. सोयरीक मोडणारा काका बिब्बा घालतो, तो अगदी हसतमुख असू शकतो.

९. जमदग्नी, दुर्वास, आग्यावेताळ, तिरशिंगराव: यांपैकी तिरसट कोण?

पहिले दोघे नाहीत. परशुरामाच्या भूमीत राहतो म्हणून आमच्याकडे त्याच्या वडिलांचं नाव फार निघतं, ‘बाबांचा जमदग्नी झालाय’. पण जमदग्नी किंवा दुर्वास म्हणजे शीघ्रकोपी. त्यांच्या रागाला परिणाम आहे, शाप आहे. कालिदासाची शकुंतला विचारात गढून दुर्वासाकडे दुर्लक्ष करते आणि दुष्यंत तिला विसरतो. तिरसटाच्या बोलण्याने कुणी कुणाला विसरत नाही. फार तर चहा थंड होतो.

आग्यावेताळ म्हणजे संतापून धगधगणारा, समोर कोण आहे ते न बघणारा. हा शब्द सिंधुदुर्गात जरा जपून वापरावा. तिथे वेताळ म्हणजे भूत नव्हे, देव. आरवलीच्या वेतोबाला लोक केळ्यांचे घड आणि मोठाल्या चामडी चपला वाहतात, अडीअडचणीला त्याचं नाव घेतात. माझी आई ‘आग्यावेताळ’ म्हणायची, पण नुसतं ‘वेताळ’ म्हणून कुणाला हिणवलेलं तिला खपत नसे.

तिरशिंगराव मात्र अस्सल आपला. ‘राव’ लावून केलेली ही थट्टा आहे: जणू एखाद्या सरदाराचं नाव, आणि काम काय तर दिवसभर आठ्या घालून बसणं. पाठीमागे म्हणायला ‘तिरसट’पेक्षा हाच बरा, कारण त्यात हसू आहे.

१०. तिरसट माणूस नेमकं काय करतो? ‘ओरडतो’ शिवाय दुसरं क्रियापद सुचत नाही.

मराठीत या कामाला क्रियापदांचा तुटवडा नाही, आणि त्या सगळ्यांचा आवाज वेगवेगळा आहे. खेकसणे म्हणजे एकदम, चढ्या आवाजात, बहुतेक वेळा एकच वाक्य. डाफरणे वरून खाली चालतं: मुकादम गड्यावर डाफरतो, गडी मुकादमावर डाफरला तर ती बातमी होते. करवादणे यात दमणूक आहे, आवाज फाटलेला आहे, संध्याकाळी स्वयंपाकघरातून येतो तसा. वसकन अंगावर येणे हे कुत्र्याकडून घेतलं. फणकाऱ्यात मान वळते. तणतणणारा माणूस चालत असतो, या खोलीतून त्या खोलीत, भांडी आपटत. धुसफुसणारा बसलेला असतो.

मला विचाराल तर तिरसटाचं खास क्रियापद ‘झिडकारणे’ नाही, ‘खेकसणे’ही नाही. ‘तोडून बोलणे’ हे आहे. आवाज न चढवताही ते करता येतं, आणि पक्का तिरसट आवाज चढवण्याचे कष्ट घेत नाही.

११. मालवणीत तिरसटाला काय म्हणतात?

‘तिरसट’च म्हणतात. व्यंजनाच्या उच्चारावर संपणारा असल्यामुळे तो तसाच राहतो. ‘चिडका’ मात्र ‘चिडको’ होतो. पण माझ्या माहेरी विशेषणापेक्षा वाक्यच जास्त ऐकलं: ‘तेच्या वाटेक जाव नको, वसकन अंगार येता’. आणि कुणी तक्रार केलीच तर, ‘तो तसोच’. या दोन शब्दांपुढे माझं हे सगळं लांबण फिकं आहे.

रत्नागिरीकडे ‘वाईच’ लावून धार कमी करतात: ‘अण्णा वाईच तिरसट हायत’. हे ‘वाईच’ परिमाण सांगत नाही. अण्णा पुरते तिरसट असतात.

१२. समुद्र, बैल, कुत्रा यांना तिरसट म्हणता येईल का?

समुद्र खवळतो. जूनमध्ये खवळला की होड्या वर ओढून ठेवतात, श्रावणातल्या पौर्णिमेला त्याला नारळ वाहतात आणि पुन्हा पाण्यात उतरतात. त्याच्या रागाला हंगाम आहे. तिरसटाची नारळी पौर्णिमा येत नाही, म्हणून समुद्राला तो शब्द लावू नये.

बैल मारका, गाय मारकी. कुत्रं चावरं, किंवा भडकलं असेल तर चवताळलेलं. मांजराला ‘तिरसट’ म्हटलेलं मी ऐकलं आहे आणि मला ते पटलं आहे.

१३. कोकणातली माणसं तिरसट असतात असं म्हणतात. आणि आतून फणसासारखी गोड. खरं का?

पहिल्या भागाचं उत्तर छोटं आहे: पाहुण्याने दुपारी झोपेतून उठवून पत्ता विचारला तर कुठल्याही गावचा माणूस तिरसट वाटेल.

फणसाची उपमा मात्र आता पुरे झाली. ‘तिरसट’ हा शब्द फक्त बाहेरचं सांगतो. आत काय आहे याची हमी तो देत नाही, गोड असल्याचीही नाही आणि कडू असल्याचीही नाही. फणस कापा निघेल की बरका, हे नवख्याला काट्यांवरून कळत नाही, फोडावा लागतो. तसंच इथे. मी असे तिरसट बघितले आहेत ज्यांनी शेजाऱ्याच्या मुलीची फी गुपचूप भरली, आणि असेही बघितले आहेत ज्यांच्या आत आणखी एक तिरसट बसला होता. ‘बाहेरून काटेरी, आतून गोड’ म्हणत घरातल्या माणसांनी आयुष्यभर ऐकून घ्यायचं, हा सौदा मला कधीच न्याय्य वाटला नाही. गोडवा असेल तर तो गऱ्यापर्यंत पोचू द्यायला हवा, नाहीतर हाताला नुसता चीक.

१४. आजोबा ‘कडक शिस्तीचे’ आणि आजी ‘खाष्ट’, असं का?

कारण शब्द वाटणारे बहुधा आजोबांच्या ओटीवर बसलेले असतात. एकच वागणं पुरुषाने केलं तर करारी, कडक, शिस्तीचे, स्पष्टवक्ते, आणि बाईने केलं तर खाष्ट, कजाग, तोंडाळ. ‘खाष्ट सासू’ इतकं घट्ट जुळलं आहे की ‘खाष्ट सासरा’ ऐकला की हसू येतं. ‘कजाग’ पुरुषाला लावलेला मला आठवत नाही.

‘तिरसट’ यातून बऱ्यापैकी सुटला आहे. व्याकरणात तो हलत नाही हे प्रश्न ४मध्ये आलंच, वापरातही तो दोघांना सारखाच बसतो. म्हणून घरातल्या कुणाविषयी लिहायचं असेल तर मी ‘खाष्ट’ खोडून ‘तिरसट’ करते, आणि ‘कडक शिस्तीचे’ खोडूनसुद्धा ‘तिरसट’च करते.

१५. आई अलीकडे फार तिरसट झाली आहे. पूर्वी अशी नव्हती. हा शब्द बरोबर आहे का?

शब्दाचं उत्तर: घाई करू नका. तिरसटपणा वर्षानुवर्षांत मुरतो. चार-सहा महिन्यांत दिसू लागला तर ती चिडचिड आहे, आणि चिडचिडीला कारण असतं.

शब्दाबाहेरचं उत्तर जास्त महत्त्वाचं. कमी ऐकू येणारा माणूस अर्धंच ऐकतो आणि तुटक बोलतो. गुडघे रात्रभर दुखत असतील, झोप लागत नसेल, तर सकाळी कुणीही करवादेल. थायरॉइड वाढलेला असणं, मधुमेहाच्या औषधांनी साखर खाली जाणं यांनीही चिडचिड होते. उतारवयातलं नैराश्य रडण्यापेक्षा चिडण्यातून दिसू शकतं, आणि स्वभावातला बदल ही कधी कधी स्मृतिभ्रंशाची सुरुवात असते. तेव्हा आधी डॉक्टरांना दाखवा, कान तपासून घ्या. ‘वयामुळे तिरसट झाली’ हे वाक्य शेवटी ठेवा, पहिलं नको.

बाळंतिणीलाही हेच लागू. तिला ‘तिरसट’ म्हणण्याआधी तिला सलग चार तास झोपू द्या.

१६. लहान मुलाला तिरसट म्हणावं का?

मला नाही आवडत. मुलं किरकिरी असतात, पिरपिर करतात, हट्टी असतात, भुकेने रडकुंडीला येतात. ‘तिरसट’मध्ये पक्केपणा आहे, तो सहा वर्षांच्या पोराला कशाला चिकटवायचा? ‘चिडका बिब्बा’ हे निदान खेळ संपला की संपतं.

१७. ही शिवी आहे का? तोंडावर म्हटलं तर चालेल?

शिवी नाही, पण कौतुकही नाही. बरोबरीच्या मैत्रिणीला ‘काय गं, तिरसटासारखी काय बोलतेस?’ म्हणता येतं, तिथेही ‘सारखी’ पुढे उभी आहेच. वडीलधाऱ्यांना तोंडावर कुणी म्हणत नाही. दिराला वहिनी एखाद वेळी म्हणेल, भावजयीला ते हक्क असतात. तिरसट माणसाला तोंडावर तिरसट म्हणण्यात आणखी एक व्यावहारिक अडचण आहे: तो जे उत्तर देईल त्याने तुमचं म्हणणं सिद्ध होईल, पण तुम्हाला ते ऐकावं लागेल.

१८. लेखी तक्रारीत किंवा अर्जात काय लिहावं?

‘तिरसट’ लिहू नका, ते तुमचं मत झालं. घडलं ते लिहा: ‘दोनदा विचारूनही उत्तर न देता निघून जाण्यास सांगितले’. विशेषण हवंच असेल तर ‘वर्तन उद्धट होते’ किंवा ‘सौजन्यपूर्ण नव्हते’. शीघ्रकोपी, कोपिष्ट हे शब्द भारदस्त वाटतात म्हणून लोक घालतात, पण त्यांचा अर्थ वेगळा आहे (प्रश्न ९).

१९. विरुद्धार्थी शब्द कोणता?

परीक्षेत ‘शांत’ लिहिलं तर गुण मिळतील, पण तिरसट माणूस शांत असू शकतो हे वर आलंच. ‘प्रेमळ’ही नाही, कारण प्रेमळ तिरसट असतात. मनमिळाऊ सगळ्यात जवळचा. माझी स्वतःची पसंती ‘लाघवी’ला: साधी गोष्टही समोरच्याला बरं वाटेल अशी बोलण्याची ज्याला सवय आहे तो. सवयीविरुद्ध सवय.

२०. स्वतःला कुणी तिरसट म्हणतं का?

सहसा नाही. लोक स्वतःला ‘स्पष्ट बोलणारा’ म्हणतात, ‘मला पुढे-पुढे करता येत नाही’ म्हणतात, ‘माझा स्वभाव असा आहे, मनात काही नसतं’ म्हणतात.

एकच अपवाद मला माहीत आहे, माझी मोठी आत्ये. पंच्याहत्तरीला आली होती, एकटी राहायची, मागे सोळा माड. आम्ही पोरी जमून तिला म्हणालो, आत्ये, जरा गोड बोलत जा की लोकांशी. ती सुपारी कातरत होती. म्हणाली, ‘मी तिरसट आहे ते गावाला ठाऊक आहे, म्हणून माझ्या आगरातला पडलेला नारळसुद्धा कोणी उचलत नाही. गोड बोलले तर सोळा माडांचं राखण तुम्ही याल करायला?’